सात नंबर

मला साप आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्यातली अकरा वर्षं माझ्या बेसमेंटमध्ये साप आहेत, तरीही आवडत नाहीत. सध्या सहा आहेत. लॉन्ड्रीला खाली जाताना मी आधी दिवा लावते, मग खोकते आणि मग पायऱ्या उतरते. माणसासारखं त्यांना ऐकू येत नाही, तू कुणासाठी खोकतेस, असं राजरत्नने मला शंभरदा विचारून झालंय. मी खोकणं सोडलेलं नाही.

राजरत्न मेश्राम म्हणजे माझा नवरा. मूळचा चंद्रपूरचा, आता कॅल्गरीत एका गॅस पाइपलाइनच्या ऑफिसात इंजिनीअर. वय अठ्ठेचाळीस. इथल्या मराठी लोकांत त्याची ओळख 'सापवाले मेश्राम' एवढीच आहे. चौदा एप्रिलला आमच्या असोसिएशनच्या कार्यक्रमात तो सकाळी सातपासून खुर्च्या लावतो, माइकच्या वायरी चिकटपट्टीने जमिनीला चिकटवतो आणि भाषणाला नाव पुकारलं की पार्किंगमध्ये सापडतो. ऑफिसात दुसऱ्याने तपासल्याशिवाय तो एकाही रिपोर्टवर सही करत नाही. वरिष्ठांनी याला दोनदा 'आत्मविश्वासाचा अभाव' असं लेखी कळवलंय. दोन्ही वेळा मी चिडले आणि तो मात्र म्हणाला, बरोबर आहे त्यांचं.

त्याने एकही साप विकत आणलेला नाही. लोक हौसेने पाळतात, मग बाळ होतं, नाहीतर घर बदलतं, नाहीतर नुसताच कंटाळा येतो, आणि कुणीतरी याला फोन करतं. आणायला गेला की हा टँकसमोर स्टूल घेऊन बसतो. एक तास. हात पाठीमागे बांधलेले. कुणी चहा आणला तरी घेत नाही. तास झाला की हुकने, म्हणजे सापासाठीच्या वाकड्या टोकाच्या काठीने, उचलतो. सहांपैकी एकाही सापाला त्याचा उघडा हात लागलेला नाही. माणूस सापांवर एवढं प्रेम करतो आणि त्यांना शिवत नाही, हे मी माहेरी सांगते तेव्हा कुणाला खरं वाटत नाही.

आणि तो नाव सांगत नाही. बेसमेंटमध्ये टँकवर फक्त नंबर आहेत, एक ते सहा. पाहुण्यांनी विचारलं, हा कुठला साप हो, तर म्हणतो, तीन नंबर. जात विचारली तर शेल्फवरच्या फाइलकडे बोट दाखवतो. त्यात प्राण्यांच्या डॉक्टरांची लेखी चिठ्ठी असते. लोकांना हा चक्रमपणा वाटतो. मलाही पहिलं वर्षभर तेच वाटत होतं.

खरं कारण त्याने मला एकदाच सांगितलं, तेही चहा गाळता गाळता, माझ्याकडे पाठ करून. बाकीचं मला नंतर शोभावहिनींकडून कळलं.

चंद्रपूरला वीज केंद्राच्या कॉलनीत तो सर्पमित्र होता. नोकरी सांभाळून, रात्री-अपरात्री कुणाच्या मोरीत साप निघाला की बरणी आणि काठी घेऊन धावायचा. हे त्याला शिकवलं शिवराम खोब्रागडे यांनी. शिवरामदादा, म्हणजे शोभावहिनींचे यजमान, फिटर होते, याच्याहून बारा वर्षांनी मोठे. त्यांचा एकच नियम होता: डोकं आणि शेपूट दोन्ही पाहिल्याशिवाय सापाचं नाव घ्यायचं नाही. कारण घोणस जहाल विषारी, आणि डुरक्या घोणस अगदी गरीब, बिनविषारी. पण दोघांच्या पाठीवर तपकिरी ठिपके असे काही असतात, की नुसत्या पाठीवरून भलेभले फसतात.

बावीस वर्षांपूर्वी एका क्वार्टरच्या मागे सरपणाच्या ढिगाखाली साप दिसला. राजरत्न आधी पोचला. भोवती पंधरा-वीस माणसं, बायका गॅलरीतून ओरडतायत, आणि सगळे याला विचारतायत, सांग ना, कोणता आहे. लाकडांच्या फटीतून याला वीतभर पाठ दिसली. तेवढ्यात दादा सायकलवरून उतरले. त्यांनी विचारलं, काय आहे रे? हा म्हणाला, "डुरक्या आहे दादा. काही करत नाही." दादांनी हात घातला.

घोणस होती. दादा पंचवीस दिवस दवाखान्यात होते. किडनी वाचली, जीव वाचला, उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट गेलं. फिटरचं काम सुटलं आणि त्यांना गेटवर रजिस्टर धरून बसवलं. ते राजरत्नला त्यावरून कधी एक शब्द बोलले नाहीत. त्यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर याचं बरं झालं असतं, असं मला वाटतं. दर चौदा एप्रिलला त्यांचा फोन येतो. जय भीम, कसा आहेस, एवढं होतं आणि मिनिटाच्या आत हा फोन माझ्या हातात देऊन अंगणात बर्फ शोव्हल करायला जातो. बर्फ नसला तरी जातो. पुढची वीस मिनिटं दादांशी मी बोलते.

आता केयाचं सांगते. केया आमची मुलगी, सोळा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्लिशमध्ये येतं. तिला साप बापाहून जास्त आवडतात. सोळाव्या वाढदिवसाला तिने फोन मागितला नाही, शूज मागितले नाहीत. पुढचा साप मी निवडणार, असं म्हणाली. मी आणि बाबा नाही, मी एकटी. शिवाय बाबा मध्ये एक शब्द बोलणार नाही. राजरत्न हो म्हणाला. मी माझी अट घातली: हा शेवटचा. सातवा आणि शेवटचा, मग मंत्री येऊन पायऱ्यांवर बसला तरी आठवा नाही.

ऑक्टोबरमध्ये पुष्कर गोखलेचा फोन आला. पुष्कर पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत भेटतो तेवढीच ओळख. त्याला व्हँकुव्हरला नोकरी लागली होती, घर विकलं होतं आणि सोमवारी किल्ल्या द्यायच्या होत्या. बेसमेंटमधला भाडेकरू आठ दिवसांपूर्वी न सांगता निघून गेला आणि मागे तीन टँक ठेवून गेला. दोन टँकवर लेबल होतं. तिसऱ्यावरचं अर्धं फाटलेलं, त्यावर नुसतं 'बेबी' उरलं होतं. ज्यांची लेबलं होती त्या दोघांना न्यायला एडमंटनहून कुणीतरी रविवारी येणार होतं, पण त्यातला एक आम्हाला हवा असेल तर पुष्करची हरकत नव्हती. तिसरा कुणालाच नको होता.

शनिवारी सकाळी साडेनऊला आम्ही तिघं गेलो. रस्त्यावर पहिलं पातळ बर्फ होतं आणि पुष्करने अजून विंटर टायर्स लावले नव्हते म्हणून राजरत्नने आधी त्यालाच दहा मिनिटं बोलून घेतलं. घर रिकामं, आवाज घुमत होता. बेसमेंटमध्ये एक कापडी खुर्ची आणि तीन टँक. पुष्कर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबला आणि तिथून खाली उतरलाच नाही.

केयाने पहिला टँक पाहिला. केशरी, चमकदार, फणाबिणा काही नाही, मलासुद्धा बरा वाटला. दुसरा जाड आणि काळा-पिवळा, गुंडाळी करून झोपलेला. मी मनात पहिल्याला मत दिलं. पण ती तिसऱ्यापाशी गेली आणि तिथेच खुर्ची ओढली.

तिसऱ्यात वाळू होती. वाळूत वीतभर पाठ दिसत होती. तपकिरी, त्यावर गडद ठिपके. डोकं आत, शेपूट आत.

मी राजरत्नकडे पाहिलं. त्याच्या ओठांचा रंग उडाला होता.

केयाने हात पाठीमागे बांधले आणि बसली. बापाची नक्कल ती लहानपणापासून करते, पण त्या दिवशी ती नक्कल नव्हती. मी घड्याळ बघत होते. दहा मिनिटं, वीस मिनिटं. साप जागचा हलला नाही. पुष्करने वरून विचारलं, तुम्हाला कॉफी चालेल का, मी 'नको' एवढंच म्हटलं. राजरत्न भिंतीला टेकून उभा होता आणि त्याची नजर मुलीच्या हातांवर होती, सापावर नव्हती.

मला काय वाटत होतं ते सांगते. मला त्याचा राग येत होता. बोल ना बाबा, असं मनात चाललं होतं. शब्द दिला म्हणून काय झालं? पोरगी आहे आपली. ती घोणस असली तर? असले साप पाळायला इथे बंदी आहे, पण न सांगता पळणारा भाडेकरू कायदे वाचत बसला असेल असं मानायला मी तयार नव्हते. आणि तो बोलत नव्हता, कारण त्याला तोंड उघडायचीच भीती वाटत होती. विषारी आहे म्हटलं आणि तसं नसलं तर पुष्कर सरकारी माणसं बोलावणार, ते त्या जीवाचं काय करतील कोण जाणे. बिनविषारी म्हटलं आणि तसं नसलं तर काय, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

अर्ध्या तासाने पुष्करचा धीर सुटला. "केया, इट्स जस्ट अ बेबी," तो म्हणाला. "तो भाडेकरू तर हातात घेऊन फिरायचा त्याला. किंवा दुसऱ्याला असेल. एनीवे, तुला आवडलाय ना? मग घेऊन टाक ना, सिंपल."

केयाने पाठीमागचे हात सोडले. टँकचं झाकण सरकवलं. राजरत्न भिंतीपासून सुटला आणि माझ्या तोंडातून तिचं नाव अर्धं बाहेर पडलं.

तिने हात आत घातला नाही. झाकणाच्या कडेवर दोन्ही तळवे ठेवून ती वाकून पाहत राहिली. मग तिने झाकण परत लावलं.

"आय डोन्ट नो, बाबा," ती म्हणाली. "मला हाच पाहिजे. पण हा कोण आहे ते मला माहीत नाही. फक्त पाठ दिसतेय."

पुष्कर काहीतरी बोलणार होता, मी त्याला हाताने गप्प केलं. राजरत्न मुलीकडे असा बघत राहिला, की मला तिथे उभं राहणं अवघड झालं. ती एवढ्या सहज बोलली होती. तेवढे तीन-चार शब्द त्या दिवशी त्या सरपणाच्या ढिगाशी त्याला सुचले असते, तर दादांची बोटं त्यांच्याकडे राहिली असती. हे मला कळलं, त्याला तर कळलंच असणार.

"मग हू वुड नो?" केयाने विचारलं.

मी पर्समधून फोन काढला. दादांचा नंबर माझ्याकडे होता, कारण ते बोलायचे ते माझ्याशीच. राजरत्नने मान हलवून नको म्हटलं. मी व्हिडिओ कॉल लावला.

चंद्रपूरला रात्रीचे पावणेदहा वाजले होते. दादा जेवून उठले होते, मागे टीव्ही चालू होता. मला बघून म्हणाले, काय म्हणते कल्याणी, एप्रिल नाही तर फोन कसा? मी थोडक्यात सांगितलं आणि फोन राजरत्नच्या हातात दिला. या वेळी माझी पाळी होती.

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. दादांनी फोन डाव्या हातात धरला होता आणि चष्मा वर करायला उजवा हात वर घेतला. तो हात आम्हा तिघांना दिसला. केयाने तो पहिल्यांदा पाहिला.

"दाखव," दादा म्हणाले.

राजरत्नने फोन टँकवर धरला. केयाने खालून त्याचं मनगट धरलं.

"हे काय दाखवून राहिला बे? पाठ आहे ही. पाठीवरून मी सांगत नसतो. शेपूट काढ."

राजरत्नने फोन केयाकडे दिला आणि हुक घेतला. झाकण सरकवलं. मी पायरीपर्यंत मागे सरले. हुकचं टोक वाळूत इतकं हळू गेलं, की ते हलतंय की नाही हेच कळेना. घोणस चिडली की कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते, हे मला लग्नानंतर कधीतरी कळलं होतं, आणि मी त्या शिट्टीची वाट बघत होते. शिट्टी आली नाही. वाळू सरकली आणि शेपूट वर आलं. आखूड, कुणी मध्येच कापून टाकल्यासारखं.

"डोकं," दादा म्हणाले.

त्याला आणखी पाच मिनिटं लागली. डोकं बाहेर आलं ते बोथट, मानेइतकंच रुंद, बारीक डोळ्यांचं. घोणशीचं डोकं भाल्याच्या पात्यासारखं रुंद असतं आणि मान बारीक असते, हे केयाने मला नंतर चित्र काढून दाखवलं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की राजरत्नचे ताठ खांदे सैल झालेले नाहीत.

"डुरक्या आहे," दादा म्हणाले. "तुझ्या तिकडे कुठून आला रे हा?"

"नक्की?" राजरत्नने विचारलं. त्या दिवशी त्या घरात तो बोललेला हा पहिला शब्द होता, पुष्करचे टायर्स सोडले तर.

"नक्की. माझ्या शब्दावर हात घाल."

दादांच्या मागे टीव्हीवर जाहिरात लागली. शोभावहिनींनी तो बंद केला असावा, कारण आवाज एकदम थांबला. केया म्हणाली, आय कॅन डू इट, बाबा. राजरत्नने तिला मागे सारलं, हुक खाली ठेवला, शर्टाची बाही वर केली आणि उजवा हात टँकमध्ये घातला.

सापाने वळून चावा घेतला. मला फक्त झटका दिसला आणि हात बाहेर आला तेव्हा पहिल्या बोटाच्या पेरावर रक्ताचे थेंब होते. पुष्कर धावत वर गेला. मी किंचाळले नाही, पण गाडीची किल्ली माझ्या हातात कधी आली ते मला आठवत नाही. मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीत.

"चावला?" दादांनी विचारलं.

"चावला."

"चावतोच तो. चिडका असते डुरक्या. रक्त पाह, थांबते का."

घोणशीच्या चाव्याचं रक्त गोठत नाही, वाहतच राहतं. हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, मी काही बघणार नाही, गाडीत बस. राजरत्न म्हणाला, "कल्याणी, पाच मिनिटं." एवढ्या वर्षांत त्याने माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं. मी किल्ली हातातच ठेवली आणि थांबले.

तो कापडी खुर्चीवर बसला, बोट वर धरून. केयाने टिश्यू दिला, तो लगेच लाल झाला. दुसरा दिला. दादा फोनमधून बघत होते. मग राजरत्न बोलायला लागला, बोटाकडेच बघत.

"दादा, मला माहीत नव्हतं. त्या दिवशी. मी नुसती पाठ पाहिली होती. सगळे विचारत होते म्हणून मी सांगून टाकलं. मला माहीत नव्हतं, तरी सांगितलं."

दादांनी चष्मा काढून बनियनला पुसला.

"मलाही दिसत होतं ना बे, तू दूर उभा आहेस ते," ते म्हणाले. "नियम कोणाचा होता? माझा. तू सांगितलं आणि मी न पाहता हात घातला. हात माझा होता. बावीस वर्षं मी वाट पाहून राहिलो, हा कधी बोलेल, तर मी सांगीन. तू फोन बायकोला देते आणि पळते."

राजरत्न रडला. चांगला आवाज करून रडला, रिकाम्या घरात तो आवाज वरपर्यंत गेला असणार. केयाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी एका हाताने डोळे पुसले, दुसऱ्यात किल्ली होती.

तिसरा टिश्यू जवळजवळ कोरडा निघाला. केयाने तो उजेडात धरून पाहिला आणि मला दाखवला. पेरावर दाण्याएवढ्या तीन-चार खपल्या धरल्या होत्या. मी घड्याळ पाहिलं, सात मिनिटं झाली होती. किल्ली मी पर्समध्ये टाकली.

दादांनी विचारलं, पोरीचं नाव काय ठेवलंय म्हणे, विसरलो. तिने स्वतःच सांगितलं. मग दादा तिला म्हणाले, "तू हात घातला नाही ना? शाबास. तू माझ्यापेक्षा हुशार आहे." हे वाक्य तिला किती समजलं माहीत नाही, पण तिने त्यांना दोन्ही हात जोडून जय भीम केलं, जे ती असोसिएशनमध्ये हजारदा सांगूनही करत नाही.

साप आम्ही पुष्करच्या उशीच्या अभ्र्यात घालून आणला. अभ्रा परत नको, असं त्याने दारातूनच सांगितलं.

घरी टँक तयार होता. आणलेला साप पहिले तीन महिने बाकीच्यांपासून वेगळा ठेवायचा असतो, म्हणून तो लॉन्ड्रीच्या शेजारी आला, म्हणजे माझ्या मशीनपासून चार फुटांवर. मी यावर बरंच बोलले. राजरत्नने सगळं ऐकून घेतलं. केया मार्कर घेऊन बसली होती, टँकवर मोठा सात काढला आणि खाली थोडी जागा सोडून विचारलं, बाबा, फाइलमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी येईपर्यंत थांबायचं ना?

त्याने मार्कर तिच्या हातातून घेतला. बोटाला बँडेज होतं म्हणून अक्षर वाकडं आलं. लिहिलं आणि मग ते मोठ्याने वाचलं, जिन्यावर उभ्या असलेल्या मलाही ऐकू येईल एवढ्या मोठ्याने.

"डुरक्या घोणस."